स्वॅबच्या यादीतला नवरा

"ह्या कोण?" पोलिसानं काठी काचेला टेकवून विचारलं.

"बायको," मी म्हणालो.

घरून निघताना बहीण म्हणायचं ठरलं होतं. पण समोर वही घेऊन दुसरा पोलीस बसलेला, आधार कार्ड मागत होता. माझं आडनाव कोळेकर, तिचं जगदाळे. बिनलग्नाच्या बहिणीचं आडनाव वेगळं कसं? बायकोचं असू शकतं. लग्नानंतर कार्ड बदलायला कोण जातंय. एवढा सगळा हिशोब डोक्यात झाला नव्हता. तोंडातून निघून गेलं आणि मग कळलं की हेच बरोबर होतं.

"काय होतंय?"

"दवाखान्यात न्यायचंय."

"कोरोना हाय का?"

"न्हाय साहेब. बायकांचं हाय."

बायकांचं म्हणलं की पोलीस दोन पावलं मागं सरकतो, हे मला त्या दिवशी समजलं. त्यानं काचेवरचा 'अत्यावश्यक सेवा – दूध' असा पास बघितला, वहीत गाडीचा नंबर लिहिला, 'सोबत पत्नी' लिहिलं आणि रस्त्यावरचा आडवा बांबू वर केला.

कल्याणी शेजारी बसली होती. बुडाखाली आईची जुनी चादर चौघडी करून घेतलेली. ओढणी तोंडावर, त्याच्यावर मास्क. डोळे तेवढे दिसत होते. फाटा मागं पडल्यावर म्हणाली, "सॉरी बिरा."

"सॉरी काय. पाणी पी."

"चादर खराब झालीय."

"होऊ दे. गाडी दुधाची हाय, रोज धुतोच."

ही २०२०च्या जुलैमधली गोष्ट. जिल्ह्यात परत कडक लॉकडाऊन लागलं होतं. किराणा बंद, एसटी बंद, एका गावातून दुसऱ्या गावात जायची चोरी. चालू होतं ते मेडिकल आणि दूध. माझी पिकअप रोज सकाळी सहा गावांचे कॅन गोळा करून फलटणच्या संकलनाला टाकायची. त्यामुळं आख्ख्या सोनगिरवाडीत बाहेरचं जग बघणारा मी एकटाच. कुणाचा चष्मा आण, कुणाची बीपीची गोळी आण.

कल्याणी माझ्या वर्गातली, दहावीपर्यंत. मग ती बारामतीला गेली, तिथनं पुण्याला, एमपीएससीच्या क्लासला. मी बारावीत गचकलो आणि गाडीवर बसलो. ती मला आवडायची का? आवडायची. खोटं कशाला बोलू. पण आम्ही धनगर, ते मराठा, चौदा एकर ऊस. तिच्या दारात कॅन घ्यायला थांबलो तरी मी उंबऱ्याच्या आत कधी गेलो नव्हतो. आवडणं तिथंच गाडीत बसून असायचं.

धैर्यशील आमचा तिसरा. सरपंचांचा पोरगा. तोही पुण्याला. त्या दोघांचं तिथं जमलं होतं हे मला माहीत होतं, कारण धैर्या मला सगळं सांगायचा. नको ते पण सांगायचा. पुण्यात ठीक होतं. कोण कुणाला ओळखतंय. मेडिकलमध्ये जायचं, निरोधचं पाकीट घ्यायचं, खिशात घालायचं. मार्चमध्ये क्लास, होस्टेल सगळं बंद झालं आणि दोघं गावात येऊन पडले. गावात एकच मेडिकल, ते धैर्याच्या चुलत मामाचं. आरोग्य केंद्राच्या आशाताईंकडं सरकारी पाकिटं फुकट मिळायची, पण बिनलग्नाच्या पोरानं जाऊन मागायची कशी? एवढ्यासाठी ते दोघं जूनमध्ये धैर्याच्या मळ्यातल्या खोलीवर तसेच भेटले. दोनदा का तीनदा.

हे मला नंतर कळलं. आधी काय झालं, तर धैर्यानं मला एक जाडजूड पुस्तक दिलं. राज्यघटनेचं. म्हणाला, "कॅन घ्यायला जाशील तवा कल्याणीला दे. नोट्स हायत आत."

मी दिलं. आत गोळ्या होत्या.

त्याच्यानंतर तीन-चार दिवसांनी धैर्याचा बाप पॉझिटिव्ह आला. घराला पत्रे ठोकले आणि धैर्याला तालुक्याच्या कॉलेजात नेऊन ठेवलं, क्वारंटाइन. तिथनं त्याचा मला फोन.

"बिरा, लका, एक काम हाय. कुणाला बोलायचं न्हाय."

"बोल की."

"कल्याणीचं रक्त थांबंना झालंय."

"कसलं रक्त?"

मग त्यानं सांगितलं. अकरा दिवस झाले होते. पाडायच्या गोळ्या मामाच्या दुकानात काम करणाऱ्या पोराकडनं घेतल्या होत्या आणि कशा घ्यायच्या ते मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरवलं होतं.

"आरं येड्या, मला सांगायचं हुतं ना! मी फलटणला डॉक्टरला विचारलं असतं."

"सांगायचं काय, तोंड वर करून? तू आता मला शिव्या घाल, पण तिला घेऊन जा. मी हितनं हलू शकत न्हाय, दाराला पोलीस हाय. तुझ्याकडं पास हाय. बिरा, मरंल रं ती."

"तिच्या घरी काय सांगायचं?"

"तिच्या मैत्रिणीला ताप आलाय, तिला बघायला... न्हाय, ते नको. दातदुखी सांग. दात. दाढ काढायची हाय म्हण."

दाढ काढायची म्हणून मी तिला घेऊन निघालो. तिची आई मला म्हणाली, "बिरुदेवा, नीट ने रं बाबा. पोरगी चार दिस जेवली न्हाय." जेवत नव्हती ते खरंच होतं.

फलटणच्या दवाखान्याच्या दारात प्लॅस्टिकचा पडदा लावला होता. पलीकडं एक बाई, अंगात निळा झगा, तोंडावर काच.

"पेशंटचं नाव?"

"कल्याणी."

"मिस्टरांचं नाव?"

मी कल्याणीकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटलेले. फाट्यावरच्या वहीत पत्नी लिहिलंय, परत जाताना तीच वही, तोच पोलीस, आणि दवाखान्याचा कागद बघितला तर? एवढंच माझ्या डोक्यात.

"बिरुदेव कोळेकर."

"आधारवर माहेरचं नाव दिसतंय. पत्ता हाच ना? सोनगिरवाडी?"

"हाच."

"आत घ्यायच्या आधी स्वॅब द्यावा लागेल. नियम आहे. एक हितं बघणार, दुसरा सरकारी लॅबला जातो."

काडी नाकात घातली तेव्हा कल्याणीनं माझं मनगट धरलं. मी तोवर कुठल्या पोरीचा हात धरला नव्हता. आणि धरायची वेळ आली ती अशी.

डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी केली आणि मला आत बोलावलं. दार लावलं.

"तुम्ही नवरा?"

"हो."

"लाज वाटते का? बायकोला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून देता? किती दिवसांचं आहे ते बघितलं नाही, नळीत आहे का पिशवीत ते बघितलं नाही. अर्धं आत राहिलंय. ताप चढायला लागलाय. अजून चार दिवस गेले असते तर पिशवी गेली असती, नाहीतर ही गेली असती."

"चुकलं मॅडम."

"चुकलं म्हणे! मूल नको होतं तर आधी अक्कल नव्हती?"

कल्याणी टेबलावर पडून छताकडं बघत होती. मी खाली मान घालून उभा. जे मी केलंच नव्हतं त्याच्या शिव्या खात होतो, आणि खरं सांगतो, वाईट वाटत नव्हतं. उलट वाटत होतं, निदान तिला एकटीला नाही खाव्या लागत.

मी खिशातला पेन काढला. "कुठं सही करू?"

"तुमची नको. ती बावीस वर्षांची आहे. तिची एकटीची सही पुरते. कायदा तसा आहे. नवऱ्याची लागत नाही, बापाची लागत नाही."

म्हणजे माझं नाव लागतच नव्हतं. कुठंच. पण ते बाहेर लिहून झालं होतं.

दीड तास लागला. पिशवी साफ केली. बाहेर मी झाडाखाली गाडीत बसलो होतो. धैर्याचे सात फोन. "झालं का? शुद्धीवर हाय का? माझं नाव न्हाय ना आलं कुठं?"

"न्हाय आलं."

"देवमाणूस हायस लका. आयुष्यभर इसरणार न्हाय."

निघताना मॅडमनी मला परत बोलावलं. टेबलावर निरोधची पाकिटं ठेवली आणि ती कशी वापरायची ते नीट समजावून सांगितलं, पेनाला चढवून. मी घामाघूम. "तीन आठवडे जवळ जायचं नाही. नंतर हे. तांबी बसवायची असेल तर दोघं या. आणि परत असं काही झालं तर आधी हितं यायचं, मेडिकलमध्ये नाही. लॉकडाऊन असो नाहीतर काही असो, हे दार उघडं आहे."

गाडीत बसल्यावर कल्याणीनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तीन आठवडे तुझ्याजवळ यायचं न्हाय म्हणल्या."

ती हसली. पोटाला हात लावून हसली. मग रडली. फाटा येईपर्यंत रडत होती. म्हणाली, "बिरा, तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

"मेलो तरी न्हाय."

"शप्पथ?"

"बिरोबाची शप्पथ."

तिसऱ्या दिवशी मी मोकळे कॅन टाकून घरी आलो तर आबा, म्हणजे माझा बाप, अंगणात उभा. शर्ट घातलेला. आबा दुपारी कधी शर्ट घालत नाही.

"जगदाळ्यांनी बोलावलंय," म्हणाला. "मला पण. काय केलंस तू?"

झालं होतं असं. ज्यांचा स्वॅब सरकारी लॅबला गेला त्यांची यादी आरोग्य केंद्रात यायची आणि ती घेऊन आशाताई दारोदार फिरायच्या, अहवाल येईपर्यंत घरात बसा म्हणून सांगायला. त्या दिवशी त्या जगदाळ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. लांबून. मास्क लावलेला, त्यामुळं मोठ्यानं बोलत. "कल्याणी बिरुदेव कोळेकर कोण? पत्ता तुमचाच हाय. ह्यांचे मिस्टर पण हितंच असतात का?"

शेजारची दोन घरं बाहेर आली होती.

आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर तात्या, म्हणजे कल्याणीचे वडील, खुर्चीत. भाऊ विक्रांत खांबाला टेकून. आणि त्यांच्या शेजारी, पांढरा मास्क, हातात सॅनिटायझरची बाटली, धैर्यशील. सकाळीच सुटून आला होता. बाप दवाखान्यात, म्हणून गावातलं मिटवामिटवीचं त्याच्याकडं आलेलं.

त्याला बघून मला बरं वाटलं. हे मुद्दाम सांगतो. मला वाटलं, आला. आता बोलेल.

"बिरुदेव," तात्या म्हणाले, "दवाखान्यात फोन लावला हुता. कशासाठी गेला हुता ते कळलं. कागदावर तुझं नाव हाय."

मी धैर्याकडं बघितलं. तो सॅनिटायझर हाताला चोळत होता.

"बिरा," तो म्हणाला, "जे झालं ते झालं. कबूल कर. मी तात्यांना समजावतो. बाहेर जाऊ देत न्हाय."

"मी कबूल करू?"

"मग कोण?" विक्रांत पुढं आला.

माझ्या जिभेवर आलं होतं. चार अक्षरं. पण शप्पथ घेतली होती, आणि ती धैर्याला नव्हती दिली, कल्याणीला दिली होती. तिनं सोडवलं तर मी सुटणार. ती आतल्या दारात उभी होती. अंगावर शाल. मी तिच्याकडं बघत राहिलो. वाट बघत राहिलो.

तात्यांनी विचारलं, "कल्याणी, एकदाच इचारतो. हाच का?"

ती धैर्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. सरळ.

"हो," म्हणाली. "हाच."

विक्रांतनं पायातली चप्पल काढली. किती मारलं ते आठवत नाही. आबा मधे पडला नाही. तो हात जोडून खाली मातीत बसला होता आणि "धनी, पोरगं हाय, चुकलं" एवढंच म्हणत होता. मारून झाल्यावर तात्या म्हणाले, "ह्या गावचं दूध उद्यापासनं ह्याच्या गाडीत जायचं न्हाय. आणि हे हितंच संपलं." मग आबाला म्हणाले, "तुझ्या पोराच्या घरात माझी पोरगी द्यायची ऱ्हायली का आता? पुन्हा दारात दिसू नका."

बाहेर पडताना धैर्या जवळ आला. हळू म्हणाला, "लका, नाइलाज हुता." मी थुंकलो. मास्क होता तोंडावर, तो ओला झाला.

सहा गावांपैकी चार गावांचं दूध गेलं. मी गाडी विकली आणि दुसऱ्या तालुक्यात टँकरवर ड्रायव्हर लागलो. इतकी वर्षं मी एकाच माणसाला शिव्या घातल्या. धैर्याला. मला पक्कं वाटायचं की त्यानंच तिला दम दिला असणार, नाहीतर लग्नाचं गाजर. ती बिचारी भ्याली. मी तिला माफ करून टाकलं होतं. मनातल्या मनात, दर सहा महिन्यांनी.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. नंबर माझ्या बहिणीकडनं घेतला म्हणाली. ती परीक्षा पास झाली होती, विक्रीकर खात्यात लागली होती. बारामतीला स्टँडजवळच्या हॉटेलात भेटलो, दुपारी. ती तशीच होती, थोडी भरलेली. चष्मा लागलेला.

"माझं ठरतंय," ती म्हणाली. "मुलगा साताऱ्याचा आहे. त्याच्या घरचे पुढच्या आठवड्यात गावात चौकशीला येणारायत."

"चांगलंय की."

"कुणी तुला विचारलं तर... म्हणजे त्या वेळचं..."

"धैर्याचं नाव मी तेव्हा घेतलं न्हाय, आता घेणाराय का?" मी म्हणालो. "त्यानं काय सांगितलं हुतं तुला? लग्न करीन म्हणून?"

ती चमचा बशीत फिरवत राहिली.

"त्यानं काहीच नव्हतं सांगितलं, बिरा. आम्ही बोललोच नव्हतो. मीच ठरवलं."

"काय ठरवलं?"

"आशाताई येऊन गेल्यावर तीन तास होते माझ्याकडं. मी विचार केला. धैर्याचं नाव घेतलं असतं तर तात्यांनी पंधरा दिवसांत लग्न लावलं असतं. सरपंचांचं घर, आपल्यातलाच मुलगा, वीस माणसांत लग्न, खर्च नाही. त्यांना हवंच होतं. आणि मला नको होता तो. अकरा दिवस मी मरत होते आणि तो फोनवर फक्त विचारायचा, माझं नाव नाही ना आलं. मला अभ्यास करायचा होता. सुटायचं होतं."

"मग माझं?"

"तुझं नाव घेतलं तर ते लग्न लावणारच नव्हते." ती माझ्याकडं बघून बोलत होती, त्या दिवसासारखीच, सरळ. "तुझ्याशी तर कधीच नाही. दाबून टाकणार आणि मला पुण्याला पाठवून देणार. तसंच झालं. सगळ्यात सुरक्षित नाव तुझंच होतं, बिरा. मला वाटलं तुला समजलं असेल. तू काहीच बोलला नाहीस, म्हणून मला वाटलं की तू मुद्दाम..."

"मी तू बोलायची वाट बघत हुतो."

ती खाली बघायला लागली.

"मला आधी एक फोन केला असतास," मी म्हणालो, "नुसतं म्हणली असतीस की बिरा, तुझं नाव घेऊ का, तर मी हो म्हणलो असतो. आबाला घरी ठेवून एकटा आलो असतो मार खायला."

पोऱ्या येऊन पाणी ठेवून गेला.

"आता विचारतेय ना," ती म्हणाली. "आता हो म्हण. कुणी विचारलं तर काही झालंच नव्हतं असं सांग."

"मी हुडकत जाऊन कुणाला सांगणार न्हाय. पण मला कुणी इचारलं तर खोटं न्हाय बोलणार."

"बिरा, माझं लग्न मोडेल."

"माझं दोनदा मोडलं."

ती उठली. पर्स घेतली, चष्मा पुसला आणि मागं न बघता गेली. मी बसून राहिलो. आठवडाभर मी टँकर चालवताना पाठ करत होतो, पोराकडचे आले तर कुठनं सुरुवात करायची, पुस्तकापासनं का फाट्यापासनं. धैर्याचं नाव कुठं घ्यायचं, तिच्यावर दोष कितपत ठेवायचा. सुट्टी काढून शनिवार-रविवार घरी जाऊन बसलो. दाढी केली.

ते आले. पांढऱ्या गाडीतनं चौघं. सरपंचांकडं चहा घेतला, शाळेतल्या गुरुजींना भेटले, सोसायटीच्या चेअरमनला भेटले, शेजारच्या दोन्ही घरी बसले. चौकशी नीट केली म्हणतात. परत जाताना गाडी आमच्या वस्तीवरनं गेली. मी दारातच उभा होतो.

ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "सातारा रोड हिकडनंच का?"

"हिकडनंच," मी म्हणालो.